गढीसमोरचा चढ

"जरा उतरून चाला" असं कोणी म्हटलं की अजूनही माझं टाळकं सरकतं. सांगणारा बिचारा बाजारातल्या गर्दीपायी सांगत असतो, हे मला कळतं. तरी पाय पायडलवर आधी घट्ट होतात आणि अक्कल मागाहून येते. घरचे म्हणतात, मास्तर, वय काय, हट्ट काय. म्हणोत बापडे. हा हट्ट मी पैनगंगेकाठच्या एका सुताराच्या दारातून उचलून आणला आहे आणि तो खाली ठेवायचा माझा विचार नाही.

दुसरी मोठी लढाई अजून पेटली नव्हती तेव्हाची गोष्ट. मी वाशीमला शाळेत मास्तर होतो आणि पोरांना भूगोल शिकवायचो. कोकणचा किनारा फळ्यावर खडूनं अशा झोकात काढायचो, की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज समुद्रात पाय बुडवून येतो. प्रत्यक्षात मी अकोल्यापलीकडे गेलो नव्हतो. आमच्या मुलखाला किनारा म्हणजे पैनगंगेचा. अलीकडे आमचं वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई, मधे हिवाळ्यात गुडघाभर पाणी.

माझा दोस्त कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. जातीचा सुतार, आमच्याकडे वाढई म्हणतात. बापाच्या मागे तो लाकूड सोडून लोखंडाकडे वळला. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी पुस्तकात शिरलो, तो यंत्रात, पण संध्याकाळी भेटल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे. त्यानं दोन मोडक्या सायकलींची मिळून एक सायकल केली होती. सांगाडा कुठल्याशा उंच ओव्हरसियरच्या सायकलीचा, आणि आमचा गडी बुटका. ब्रेक तिला नव्हतेच. ते तेवढे लावायचे राहिले, असं तो दोन वर्षं सांगत होता.

ही सायकल तो जिनिंगच्या आवारात शिकला. माल चढवायच्या ओट्यावरून तिच्यावर बसायचं, आवारात चकरा मारायच्या आणि कंटाळा आला की कापसाच्या ढिगात घुसून आडवं व्हायचं. झालं उतरणं. दोन हंगाम तो असाच उतरला. कापूस मऊ, शेटजी बाहेरगावी, टोकणारं कोणी नाही. त्यामुळे सायकल चालवण्यात तो पट्टीचा झाला, पण चालत्या सायकलवरून उतरतात कसं, हे त्याला अजिबात येत नव्हतं. रस्त्यावर असलो की मी पुढे जाऊन उतरायचो, पाय रोवून उभा राहायचो आणि त्याला सायकलीसकट धरायचो. लोक हसत. तो म्हणायचा, चालवता येणं महत्त्वाचं, थांबायला तर बैलालाही येतं.

त्याची थोरली बहीण नदीकाठच्या एका गावी दिली होती. दोन वर्षं ती माहेरी आली नव्हती. इकडे त्याच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. म्हातारी रोज एकच म्हणायची, दिसतं आहे तोवर एकदा लेकीचं तोंड पाहू द्या. निरोप गेला की तिकडून उत्तर ठरलेलं: पाठवतो, पण गाडी नाही. आणि ते खोटं नव्हतं. बहिणीचा सासरा त्या गावचा वाढई. गावातल्या निम्म्या बैलगाड्या त्याच्या हातच्या, पण त्याच्या दारात एकही नाही. ज्यांच्या दारात होत्या, त्यांच्या गाड्या कापसाच्या दिवसांत गढीच्या मालकाच्या कामावर. गढीनं सोडल्याशिवाय गाडी मिळायची नाही, आणि वाढयाच्या सुनेसाठी गढी कशाला गाडी सोडते.

शेवटी दोस्त वैतागला. म्हणाला, "गाडी नाही म्हनतेत ना? मंग आपूनच गाडी घेऊन जाऊ. शनिवारी जाऊ, इतवारी बाईले मांगं बसवून आनू."

बाई म्हणजे बहीण. ती माझ्या सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. परक्या पुरुषामागे बसलेली सून कोणत्या गावानं खपवून घेतली असती? भावामागे बसली तर कोणाची जीभ वळवळायचं कारण नाही. माझ्याकडे काम एवढंच, की तिचं गाठोडं आणायचं आणि तिच्या भावाला धरायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी मी भाड्याची सायकल काढली आणि आम्ही निघालो. माघ लागला होता. वाट म्हणजे गाडीवाट. चाकोरी सापडली तर चाकोरीतून, नाही तर नशिबावर. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन वाटेतल्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकले होते. दोस्त ते पाहून हळहळायचा, की इतका माल वाया जातो. नदी लागली आणि आम्ही काठाकाठानं चाललो. एका अंगाला तूर आणि जवारी, दुसऱ्या अंगाला वाळू आणि पाणी, आणि पलीकडून मोगलाईतली एक म्हैस आमच्याकडे अशी पाहत होती, की परके आम्हीच. मी कधी समुद्रकाठी गेलो नव्हतो, पण त्या दुपारी फळ्यावरच्या किनाऱ्याचा मला काडीइतकाही हेवा वाटला नाही. वारा होता, दोस्त होता आणि सोमवारपर्यंत कोणी विचारणारं नव्हतं.

मधे तहान लागली. मी धरायला पुढे होण्याआधीच दोस्ताला एका वावरात कडब्याची गंजी दिसली आणि त्याची जिनिंगची सवय उफाळून आली. तो सरळ तिच्यात घुसला. वावराचा धनी काठी घेऊन धावत आला. हकीकत ऐकल्यावर काठी बाजूला टाकून तो पोट धरून हसला आणि वर आम्हाला हुरडा खाऊ घातला. निघताना त्यानं गाव विचारलं. गाव ऐकून त्याचं हसू ओसरलं. गढीसमोर मात्र उतरा बुवा, असं त्यानं दोनदा बजावलं.

ते आम्हाला ठाऊक होतं. गावाजवळ वाट काठ सोडून वर चढायची. त्या गावात शिरायला तेवढीच वाट, आणि शिरताना आधी गढी लागायची, पांढऱ्या मातीच्या उंच तटाची. तिच्यासमोर कोणी वाहनावर बसून जात नसे. घोड्यावरचा खाली उतरे. गाडीवान जुवाशी येऊन बैल हातानं चालवी. पायी जाणारे वहाणा काढून हातात घेत. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कोणी दवंडीही दिली नव्हती, पण लहान पोरसुद्धा तिथं आलं की खेळ थांबवून चालू लागे. गढीपासून रस्ता सरळ उताराला लागून नदीच्या घाटावर जाई, आणि वाढयाचं घर त्या उताराच्या पायथ्याशी होतं.

आमचा बेत ठरला होता. मी पुढे जाईन, गढीच्या अलीकडे उतरेन, याला धरेन, मग दोघेही चालत जाऊ. मी उतरलो. पाय रोवले. पण उतार गढीच्याही अलीकडेच सुरू होत होता हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दोस्त आला तो सुसाट. त्याचं हँडल माझ्या हाताला लागलं आणि निसटलं. गढीच्या ओट्यावर मालक पानाचा डबा उघडून बसले होते, भोवती चार माणसं. सायकल थांबत नाही म्हटल्यावर दोस्तानं निदान अदब पाळावी म्हणून एक हात उंच केला आणि मोठ्यानं रामराम घातला. त्या रामरामानं सगळं बिघडलं. नुसता गेला असता तर कदाचित चूक म्हणून खपलं असतं. हात हलवत गेला म्हणजे मिजास झाली. कोंबड्या उधळल्या, एक बाई घागरीसकट भिंतीला चिकटली आणि माझा दोस्त खाली वाळूत जाऊन आडवा झाला.

बहीण घाटावरच धुणं धूत होती. तिनं वाळूत पडलेल्या भावाला ओळखलं आणि आधी खळखळून हसली, मग त्याचे खरचटलेले गुडघे धुता धुता रडली. दोन वर्षांनी माहेरचं माणूस दिसलं होतं. आईचे डोळे कसे आहेत, हे तिनं तीन वेळा विचारलं. तिचा नवरा गढीचा कापूस घेऊन अकोल्याला गेलेला, घरी सासू आणि सासरा. सासूनं चुलीवर चहा ठेवला तोच गढीवरचा माणूस दारात आला. मालकांनी वाढयाला बोलावलं होतं. सायकलवाल्याला नव्हे, वाढयाला.

सासरा साठीचा, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याच्यासोबत गेलो. मास्तर म्हटलं की थोडा मान मिळतो, तर आपण समजावून सांगू, असा माझा हिशेब. चढ संपत आला तसं म्हाताऱ्यानं वहाणा काढल्या आणि काखेत धरल्या. पाहिलं तर त्याची नजर जमिनीकडे.

मी मालकांना सगळं सांगितलं. जिनिंग, कापसाचा ढीग, नसलेले ब्रेक, कडब्याची गंजी. मालक हसले. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आतून माणसं बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, मिटलं. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "उतरता येत नाही, पन उचलता तं येते ना? उद्या सकायी जाताना सायकल खांद्यावर घेऊन जाय म्हना. सून मांगून. अनवानी."

मी विचारलं, "त्यानं मुद्दाम केलं नाही हे तुम्हाला पटलं ना? मग शिक्षा कशाची?"

ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, शिक्षा त्याले नाही. पाहनाऱ्यायले आहे. आज हा बसून गेला, उद्या गाडीवाले जातीन."

तेव्हा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. चूक झाली म्हणून शिक्षा देणारा माणूस मी समजू शकतो. मी मास्तर आहे, माझ्याही हातात छडी असते. पण चूक नाही हे कळल्यावर, पोटभर हसून झाल्यावर, थंड डोक्यानं दिलेली ती शिक्षा मला सहन होईना. मी काही बोलणार तेवढ्यात म्हाताऱ्यानं माझी बाही ओढली. त्याला त्या गावात राहायचं होतं. गढीचे नांगर, वखर, तिफनी, सगळं दुरुस्तीला त्याच्याकडे. वर्षाच्या धान्यातला मोठा वाटा गढीच्याच खळ्यावरून यायचा.

जेवताना दोस्तानं ऐकून घेतलं आणि लगेच कबूल झाला. मी चिडलो तर माझ्यावरच डाफरला. मायचे डोळे जात आहेत, त्यापुढे सायकल खांद्यावर घेणं म्हणजे काय मोठं, जिनिंगात याहून जड लोखंड उचलतो, म्हणाला. त्याचं चुकत होतं असं मी कसं म्हणणार? माझी आई धडधाकट होती. बहीण भाकरी वाढत होती. म्हातारा ओसरीत लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत बसला होता, आणि धार लागून गेल्यावरही घासतच होता.

सकाळी सासूनं सुनेची ओटी भरली, गाठोडं माझ्या सायकलला बांधलं. दोस्तानं दाराशी सायकल उचलली आणि खांद्यावर घेतली. उंच सांगाडा, बुटका माणूस. पुढचं चाक त्याच्या तोंडासमोर लोंबत होतं. आळीतली माणसं दारांत येऊन उभी होती. गढीवरून सांगावा गावभर फिरलेला. बहीण बाहेर आली, तिनं भावाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

"ठेव खाली," ती म्हणाली. "मी माहेराले चालली का धिंडीत चालली? असा नेशीन तं मी येत नाही. मायले सांग, डोये गेले तरी येत नाही."

दोस्त कळवळला. तो तिला समजवू लागला, की दोन मिनिटांचं काम आहे, वर गेलं की संपलं. तिनं ऐकून घेतलं आणि सासऱ्याकडे वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज खालचा होता, पण आळीभर ऐकू गेला.

"मामाजी, तुमी सांगा. तुमाले इथं राहनं आहे. तुमी राह्य म्हनसान तं मी राहते, तुमच्यावर राग नाही माहा. पन माहा भाऊ सायकल उचलनार नाही."

आता सगळे म्हाताऱ्याकडे पाहत होते. मलाही वाटलं, तो खाली मान घालून सुनेला आत जा म्हणेल आणि विषय संपेल. आमचा प्रवास फुकट, म्हातारीचे डोळे फुकट. तो पुढे झाला. दोस्ताच्या खांद्यावरून त्यानं सायकल घेतली आणि जमिनीवर उभी केली. पुढचं चाक उचलून फिरवून पाहिलं, गाडीचं चाक तपासतात तसं. मग दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

"चढ," तो दोस्ताला म्हणाला. सुनेकडे न पाहता म्हणाला, "माय, बस मांगं."

दोस्त चढला. बहीण एका अंगानं कॅरिअरवर बसली. आणि तो साठीचा माणूस सायकल ढकलू लागला. चढ खडा होता. दोघांचं ओझं घेऊन नुसत्या पायडलवर ती सायकल अर्ध्यातही पोचली नसती. वाटेत थांबली असती तर उतरावंच लागलं असतं, आणि गढीसमोर उतरले म्हणजे उतरलेच. म्हणून म्हातारा ढकलत होता, आणि दोस्त हँडलवर वाकून असा पायडल मारत होता की साखळी तुटते की काय अशी मला भीती. मी मागे माझ्या सायकलवर. मीही उतरलो नाही.

गढी आली. मालक ओट्यावर होते आणि आज माणसं कालच्याहून जास्त होती. बोलावलीच होती पाहायला. सायकल खांद्यावर नाही, सायकल चाकांवर येते आहे, तिच्यावर दोघं बसली आहेत आणि मागून वाढई लोटतो आहे, हे त्यांना उमगायला थोडा वेळ लागला. मग मालक उभे राहिले. "ए वाढई!" म्हणून हाक आली. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. त्याच्या पायात वहाणा होत्या. दोन्ही हात सायकलीला. वहाणा हातात घ्यायच्या तरी कशा? त्या कोरड्या वहाणा गढीसमोरच्या मुरमावर करकर वाजत गेल्या. बहीण ताठ बसली होती, पदर वाऱ्यानं मागे गेला तरी तिनं तो ओढून तोंड झाकलं नाही.

मी गढीच्या अगदी समोर सायकलची घंटी वाजवली. रस्त्यात आडवं कोणी नव्हतं. मला वाजवावीशी वाटली, मी वाजवली.

चढ संपला तिथं म्हाताऱ्यानं सायकल सोडली आणि गुडघ्यांवर हात टेकून खोकत उभा राहिला. मी थांबायला लागलो तर त्यानं हातानं हाकललं. "मास्तर, पुढं व्हा," म्हणाला. "त्याले वाशीमात कोनी तं धराले पाह्यजे." मी वळून पाहिलं तेव्हा तो गावाकडे परतत होता. तोच रस्ता, तीच गढी. आणि वहाणा पायातच.

वाशीमात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. दोस्ताच्या आईनं लेकीला उजेडाला नेलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहत राहिली. वाळली, म्हणाली. मग पुन्हा पाहू लागली. मी दाराशी होतो, मला तिथं उभं राहवेना, आणि तरी निघवेना.

पंधरवड्यानं म्हातारा सुनेला न्यायला पायी आला. चहा आला. मग दोस्ताच्या आईनंच विचारलं. गढीनं त्याचं काम बंद केलं होतं. खळ्यावरचा वाटाही द्यायचा नाही असं जाहीर केलं होतं. मालकांनी शेजारच्या गावच्या वाढयाला बोलावून पाहिलं, तर तो आला नाही. दुसऱ्याच्या वतनात आपण वाकस लावत नसतो, असा त्यानं उलटा निरोप धाडला. तरी यंदाचं वर्ष कठीण जाणार, हे म्हाताऱ्यानं लपवलं नाही. म्हातारी कळवळून म्हणाली, की माझ्या डोळ्यांपायी तुमच्या घरावर हे आलं. म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली.

"त्या दिवशी परत जाताना वर पाह्यलं म्या," तो म्हणाला. "चाळीस वर्सं तिथून जाऊन राह्यलो, कधी वर पाह्यलं नव्हतं. गढीच्या मोठ्या दाराची चौकट हाय ना, सागवानी, ते माह्या बापानं बसवली. तिले वाळवी लागली हाय. उजव्या अंगानं पार वरपर्यंत गेली."

मी विचारलं, मालकांना सांगितलं का.

"कायले सांगू?" म्हातारा म्हणाला. "माहं काम बंद हाय ना तिथचं." आणि त्यानं सुनेला गाठोडं बांधायला सांगितलं.